नुसतं 'शांत बसा' म्हणून भागत नाही

भांडण मिटवायला बसल्यावर आवाज चढला की मध्यस्थाने लगेच बैठक थांबवावी, असं मध्यस्थीवरच्या लेखात म्हटलंय. हे काही पटलं नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी तंटामुक्त समितीवर होतो (१५ ऑगस्ट २००७ पासूनची ही मोहीम, गृहमंत्री आर. आर. आबांच्या काळातली). बांधावरून किंवा सामाईक विहिरीच्या पाळीवरून भांडणारा थोरला भाऊ टेबलावर हात आपटतो, तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेकदा बांध नसतोच. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च एकट्याने केला, ते खदखदत असतं. तिथंच तोडलं तर ते नेमकं सह्यांच्या वेळी वर येतं. त्यापेक्षा बोलू द्यावं आणि शिव्या वगळून त्याचंच त्याला ऐकवावं, "म्हणजे दादा, खर्च तुम्ही केला आणि कुणी साधं विचारलंही नाही, असंच ना?" आवाज खाली येतो.

धमकी दिली, अंगावर धावून गेला, तर मात्र थांबवायचंच. बाईला मारहाणीचं प्रकरण असेल तर समितीने त्यात पडूच नये.

लेखात भावकीच्या बघ्यांचा उल्लेखच नाही. निम्मा राग त्यांना दाखवायला असतो! त्यांना आधी बाहेर काढा, मग दोघांशी वेगवेगळं बोला. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयता बंधनकारक आहे, पण आमच्याकडे संध्याकाळपर्यंत सगळं पारावर पोचतं.

आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत बैठक लावू नका. मजूर बागेत, मालक समितीपुढे, माणूस चिडणारच.