‘एक देऊळ पाहिलं की सगळी पाहिली’? जरा एडफूच्या जिन्यात या

सोसायटीच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय, गेल्या महिन्याभरात मला ते तिसऱ्यांदा आलं. मजकूर थोडक्यात असा: ‘नाईल क्रूझ म्हणजे पैशाचा चुराडा. देवळं सगळी एकसारखी, एक पाहिलं की झालं. पाच हजार वर्षांपूर्वी गुलामांनी रचलेले दगड. फिलेचं मूळ देऊळ तर धरणात बुडालं, आता दाखवतात ती नक्कल. ग्रुपबरोबर धड काही बघायला मिळत नाही, आणि शाकाहारी माणूस उपाशी.’

फेब्रुवारीत इजिप्तमध्ये लक्सर ते अस्वान अशी चार रात्रींची क्रूझ मी केली, तीही मराठी माणसांच्या भल्यामोठ्या घोळक्यातून. त्यामुळे एकेक मुद्दा घेतोच.

‘सगळी एकसारखी.’ आराखडा सारखा, हे कबूल. समोर दोन प्रचंड बुरुजांचं दार, मग मोकळं अंगण, मग खांबांचा मंडप. आत जाल तसा उजेड कमी होतो, छत खाली येतं, जमीन किंचित वर चढते आणि शेवटी अंधारा गाभारा. पण मंडप, अंतराळ, गाभारा हे आपल्याकडेही ठरलेलंच आहे. म्हणून सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्याला अंबरनाथला जाऊ नकोस असं कोणी सांगतं का? लक्सरच्या कर्नाक देवळाच्या मंडपात 134 खांब आहेत, आणि मधले बारा सुमारे 21 मीटर उंच. ते देऊळ शेकडो वर्षं राजामागून राजा वाढवत गेला, वाड्याला खोल्या जोडाव्यात तसं. कोम ओम्बोच्या देवळात सगळंच जोडीनं: डावी बाजू ससाणामुख्या थोरल्या होरसची, उजवी मगरमुख्या सोबेकची. दारं दोन, गाभारेही दोन. एडफूचं होरसचं देऊळ मात्र एकाच आराखड्यावर उभं राहिलं आणि पुढे वाळूत व गावाच्या घरांखाली गाडलं गेल्यामुळे जवळजवळ अख्खं उरलं. ओगुस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने 1860च्या दशकात ते उपसून काढलं, तोवर लोक देवळाच्या छपरावर घरं बांधून राहत होते.

एडफूला गच्चीवर जायला दोन जिने आहेत, एक वळणावळणाचा, एक सरळ. नववर्षाच्या उत्सवात पुजारी देवाची मूर्ती पहिल्याने वर नेत, उन्हाचा स्पर्श करवत आणि दुसऱ्याने खाली आणत. आणि ही मिरवणूक जिन्याच्या भिंतींवरच कोरलेली आहे. पायरीपायरीने चढणारे पुजारी, हातात निशाणं, खांद्यावर देव. पालखी पाहत वाढलेल्या माणसाला इथे गाईड लागत नाही.

‘पाच हजार वर्षांपूर्वीचं.’ हे तर साफ चूक. एडफूचं काम इ.स.पू. 237ला सुरू झालं आणि इ.स.पू. 57ला संपलं. म्हणजे इकडे भाज्याची लेणी खोदली जात होती, साधारण त्याच काळातलं हे देऊळ. दर्शनी बुरुजावर शत्रूंना केसांनी धरून झोडपणारा फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, दिसतो ना, तो बारावा टॉलेमी, क्लिओपात्राचा बाप. घराणं मॅसिडोनियातून आलेलं, पोशाख मात्र अस्सल इजिप्शियन. कोम ओम्बो आणि फिलेची आज दिसणारी देवळंही बहुतेक ग्रीक-रोमन अमदानीतलीच. जुनं बघायचं तर कर्नाक, पण तेही चार हजारांच्या पलीकडे फारसं जात नाही.

गुलामांचं म्हणाल, तर लक्सरच्या पश्चिम काठावर देर अल-मदिना नावाची कारागिरांची वस्ती आहे. राजांची थडगी खोदणारे हे लोक. फेरो तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी त्यांचं धान्य थकलं. धान्य म्हणजेच पगार. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळांपाशी जाऊन धरणं धरलं, कारण कोठारं देवळांचीच. रामेसियम या तिथल्याच देवळाच्या मागे कच्च्या विटांची ती कमानदार कोठारं आजही उभी आहेत. पगारासाठी संप करणारा गुलाम मी तरी ऐकलेला नाही.

फिलेची ‘नक्कल’. दगड मूळचेच आहेत, जागा बदलली. अस्वानच्या 1902च्या जुन्या धरणामुळे देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात असायचं, रंग गेले ते तेव्हाच. मग मोठं धरण झालं, आणि युनेस्कोच्या मोहिमेत 1972 ते 1980 या काळात बेटाभोवती बांध घालून, पाणी उपसून, देऊळ सुटं केलं आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा जुळवलं. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ दुष्काळात वर आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तरी याला नक्कल म्हणू नये. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख, इ.स. 394चा, याच भिंतींवर आहे.

ग्रुपचा मुद्दा मात्र अर्धा खरा. एडफूला सगळ्या बोटी सकाळी एकदमच लागतात, टांग्यांची झुंबड उडते, आणि अख्खी गर्दी ससाण्याच्या पुतळ्यापाशी फोटोला थांबते. आमच्या गाईडने पाऊण तास दिला. मी फोटो सोडला आणि देवळाच्या मागच्या बोळात गेलो. तिथे भिंतीवर होरस पाणघोड्याला भाला मारतोय. पाणघोडा म्हणजे त्याचा वैरी सेथ, आणि तो कोरलाय मांजराएवढा. वैऱ्याचं चित्रसुद्धा मोठं काढायची भीती! पाऊण तासातली पंधरा मिनिटं मी तिथेच होतो. रामेसियम आणि मेदिनेत हाबू ही लक्सरची देवळं आमच्या यादीत नव्हती, याचा राग अजून आहे. पण तो यादी करणाऱ्यावर, बोटीवर नाही. बोट हीच तर इथली रीत. दंडेऱ्याच्या देवळातली हाथोर देवी दरवर्षी नावेतून एडफूला नवऱ्याच्या, म्हणजे होरसच्या, भेटीला यायची. कोम ओम्बो आजही थेट काठावर आहे, डेकवरून खांब दिसतात.

आणि उपाशी कोणी राहत नाही. फूल म्हणजे शिजवलेल्या बाकला या कडधान्याची उसळ, त्याच बाकल्याची वडी म्हणजे तामिया, शिवाय भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी. मुलुखियाची पालेभाजी मात्र विचारून घ्या, ती बरेचदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात.