रंग मोजणं कधी थांबवायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून तिला दोन ओळींत वाटेला लावणं मला पटलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २००८ साली बराक ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्या निवडणुकीवर मी लिहिलं होतं आणि कोणत्या रंगाच्या मतदारांनी कोणाला किती मतं दिली याचे आकडे दिले होते. न्यू जर्सीत राहणाऱ्या या वाचकांचं त्यावर म्हणणं असं: गोऱ्यांच्या मतांशिवाय ओबामा येऊच शकत नव्हते, तेव्हा रंगाचा प्रश्न त्या रात्रीच निकालात निघाला. त्यानंतरही मतं रंगावरून मोजत बसणं हाच खरा वर्णद्वेष. मार्टिन ल्यूथर किंग यांनीच रंग नको, चारित्र्य बघा असं सांगितलं होतं. आम्ही भारतीय तिथे कुणाच्या कुबड्या न घेता वर आलो. जखम उकरत राहिलं तर ती भरणार कशी? आणि शेवटचा प्रश्न: हे मोजणं तुम्ही कधी थांबवणार?

आधी गोऱ्यांच्या मतांचं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीनुसार २००८ मध्ये गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं आणि ५५ टक्क्यांनी त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना. फक्त गोऱ्यांची मतं धरली असती तर ओबामा हरले असते. तसं पाहिलं तर १९६४ च्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकाही उमेदवाराला गोऱ्यांचं बहुमत मिळालेलं नाही, आणि २००४ च्या जॉन केरींपेक्षा ओबामांना देशभरात गोऱ्यांची थोडी जास्तच मतं पडली. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. पण आलाबामा बघा. तिथे केरींना गोऱ्यांची १९ टक्के मतं होती. चार वर्षांनी, बँका कोसळत होत्या, बुश यांच्या कारभाराला लोक विटले होते, सगळं वारं डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने वाहत होतं, आणि त्या वाऱ्यात आलाबामातल्या गोऱ्यांनी ओबामांना १० टक्के मतं दिली. पक्ष तोच, राज्य तेच. रंगाचं नाव न घेता याचं कारण कसं सांगायचं, मला सुचत नाही.

आयोवाचं मोल मी कमी करत नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती गोरी असलेल्या त्या राज्याने डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या लढतीत, ३ जानेवारी २००८ ला, कडाक्याच्या थंडीत, ओबामांना पहिल्या क्रमांकावर नेलं. मला ती घटना आजही मोठी वाटते. पण तिचा पुढे परिणाम काय झाला तेही पाहायला हवं. तोवर अनेक कृष्णवर्णीय मतदार हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते. आपला माणूस गोऱ्यांना चालेल यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि मत वाया घालवायची तयारी नव्हती. गोऱ्या आयोवाने कौल दिल्यावर ते वळले. २६ जानेवारीला साऊथ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांची ७८ टक्के मतं ओबामांना गेली, गोऱ्यांची २४ टक्के. कृष्णवर्णीय माणूस आपल्या माणसाला मत देण्याआधीही शेजारच्या गोऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेत होता. रंग न पाहता मत टाकण्याची मोकळीक त्याला नव्हतीच.

त्या रात्री साऊथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया इथे ओबामांचे समर्थक घोषणा देत होते की रंगाने काही फरक पडत नाही. त्यात गोरे होते, काळे होते, आणि ती घोषणा आतून आलेली होती. त्याच शहरात, विधानभवनाच्या आवारात, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा झेंडा फडकत होता. तो खाली यायला १० जुलै २०१५ उजाडावं लागलं. त्याआधी तीन-साडेतीन आठवडे चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या होत्या. तेव्हा ओबामांची दुसरी कारकीर्द निम्म्याहून अधिक संपली होती.

ओबामांच्याच शिकागोत पंचवीस वर्षं आधी काय घडलं ते आपल्याकडे फारसं माहीत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. शिकागोत १९२७ नंतर रिपब्लिकन महापौर निवडून आलेला नव्हता. डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की महापौरपद मिळालं, असाच हिशोब. फेब्रुवारी १९८३ मध्ये उमेदवारीच्या लढतीत विद्यमान महापौर जेन बर्न आणि रिचर्ड डेली या दोघांत गोरी मतं फुटली आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय नेते सुमारे ३६ टक्के मतांवर पुढे आले. त्यांच्या मागे लाखाहून जास्त नवे मतदार नोंदवणारी एक मोठी चळवळ उभी होती. मग काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेले गोरे वॉर्ड काही आठवड्यांत रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्याकडे गेले. त्यांच्या जाहिरातीत वाक्य होतं, ‘फार उशीर होण्याआधी.’ कशाला उशीर, ते लिहायची गरज नव्हती, शिकागोत प्रत्येकाला ते कळत होतं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी वॉशिंग्टन एका चर्चमध्ये गेले, तर बाहेर जमाव त्यांची हुर्यो उडवत होता आणि चर्चच्या दारावर रंगाने शिव्या फवारलेल्या होत्या. वॉशिंग्टन अगदी थोडक्यात, ५२ विरुद्ध ४८ टक्के अशा फरकाने जिंकले.

जिंकले, पण कारभार करता येईना. पन्नास नगरसेवकांपैकी २९ जणांनी विरोधी गट केला. महापौरांच्या नेमणुका अडल्या, त्यांचे ठराव अडले. तीन वर्षं हे चाललं. हा तिढा सुटला तो न्यायालयात. शहराचा १९८१ चा वॉर्डांचा नकाशा असा आखला होता की काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांची मतं कमी किमतीची व्हावीत. मतदानात वंशावरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या मतदान हक्क कायद्याच्या आधारे नकाशा बदलायला लावण्यात आला, १९८६ मध्ये सात वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली, सभागृहात २५-२५ अशी बरोबरी झाली आणि महापौरांचं निर्णायक मत कामाला आलं. त्या नकाशातला अन्याय वस्त्यांचे रंग मोजल्याशिवाय सिद्धच झाला नसता. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, ओबामा नावाचा तरुण शिकागोच्या दक्षिण भागात वस्त्यांमध्ये काम करायला आला होता. राजकारण म्हणजे काय, ते त्याने या शहरात पाहिलं.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही रंग विसरायला लावण्याचं काम ओबामांच्याच अंगावर पडलं. जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना पोलिसांनी त्यांच्याच घरी अटक केली. पोलीस मूर्खपणे वागले, एवढं ओबामा म्हणाले तर गदारोळ उठला, आणि शेवटी प्राध्यापक आणि पोलीस अधिकारी दोघांना व्हाइट हाऊसवर बोलावून समेट घडवावा लागला. आपण रस्त्याने जाताना शेजारच्या मोटारींची दारं आतून लॉक झाल्याचा आवाज आपणही ऐकलेला आहे, हे ते देशासमोर बोलले जुलै २०१३ मध्ये, दुसऱ्यांदा निवडून आल्यावर.

रंग न पाहणाऱ्या राज्यघटनेचा दाखला तुम्ही दिलात. ते शब्द न्यायमूर्ती जॉन हार्लन यांचे, १८९६ च्या निकालातले. लुईझियानात गोऱ्यांना आणि काळ्यांना रेल्वेचे वेगवेगळे डबे असावेत या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हा विरोधात गेलेले हार्लन एकटे होते. त्या काळात असं लिहायला छाती लागते. पण त्या प्रसिद्ध वाक्याच्या थोडं आधी त्यांनीच लिहिलंय की प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती, सत्ता या सगळ्यांत गोरा वंश या देशात वरचढ आहे आणि तो कायम तसाच राहील याबद्दल आपल्याला शंका नाही. पुढे चिनी लोक तर इतके वेगळे आहेत की आपण त्यांना नागरिकही होऊ देत नाही, असंही त्यांनी नोंदवलंय. कायद्याने रंग पाहू नये आणि गोऱ्यांचं वर्चस्व मात्र चालू राहावं, या दोन गोष्टी एका भल्या माणसाच्या मनात सुखाने शेजारी बसल्या होत्या. नुसत्या त्या तत्त्वाने भागेल असं मला वाटत नाही, ते यामुळे.

किंग यांच्याबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या संघटनेचे लोक कंपन्यांकडे जाऊन तुमच्याकडे काळे कामगार किती, कोणत्या पगारावर, याचे आकडे मागत आणि आकडे वाईट निघाले तर त्या मालावर बहिष्कार पुकारत. ते मोजणारे होते.

आता आपल्या लोकांचं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ते सताड उघडलं १९६५ च्या कायद्याने, ज्याने देश आणि वंश पाहून ठरवलेला कोटा मोडला. त्याच वर्षी, दोन महिने आधी, मतदान हक्क कायदा झाला होता. मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या काळ्या लोकांनी आलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या तेव्हा वंशावरून माणसं निवडणं देशाला लाजिरवाणं वाटू लागलं, आणि त्या लाटेत आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांचे व्हिसा आले. तुमचे कष्ट मी नाकारत नाही. पण तुमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत येणारी वाट कुणी मोकळी केली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. आणि ‘हे भांडण आपलं नाही’ असं तुम्ही जाता जाता म्हटलंय, त्यावर एवढंच: १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्यांचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं.

जखमेचं म्हणाल तर ती अजून वाहते आहे. २०२२ च्या सरकारी पाहणीत अगदी मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. १९३४ पासून सरकारी हमीची गृहकर्जं काळ्या वस्त्यांना नाकारली गेली, आणि ज्यांच्या आजोबांचं घर झालं नाही त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला काही आलं नाही.

मोजणं कधी थांबवायचं, हा तुमचा खरा प्रश्न. २५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आता थांबवा. मतदान हक्क कायद्यानुसार, जिथे भेदभावाचा जुना इतिहास आहे अशा राज्यांना आणि काउंट्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागत असे. कोणाला ती लागू, हे ठरवणारं सूत्र न्यायालयाने रद्द केलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी देश बदलल्याचा एक पुरावा दिला तो असा: सेल्मा आणि मिसिसिपीतलं फिलाडेल्फिया या रक्त सांडलेल्या दोन्ही गावांत आज कृष्णवर्णीय महापौर आहेत. अल्पसंख्य समाजाचा माणूस निवडून आला, म्हणून ज्या कायद्यामुळे तो निवडून येऊ शकला त्या कायद्याची गरज संपली, असा हा युक्तिवाद. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिलं की पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखं हे आहे.

नॉर्थ कॅरोलायनात ओबामा २००८ मध्ये जेमतेम चौदा हजार मतांनी जिंकले होते. तिथल्या शंभरपैकी चाळीस काउंट्यांना ही मंजुरी लागत असे. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका सत्ताधारी नेत्याने जाहीर केलं की आता पूर्ण विधेयक आणता येईल. कोणत्या रंगाचे मतदार मतदानाची कोणती सोय किती वापरतात, याची आकडेवारी विधिमंडळाने मागवली होती. त्यानंतर जो कायदा झाला त्यात आगाऊ मतदानाचे दिवस १७ वरून १० वर आले. जो पहिला आठवडा कापला, तो कृष्णवर्णीय मतदार जास्त वापरत. त्यात एक रविवारही गेला. चर्चमधली प्रार्थना संपली की मंडळी बसमध्ये बसून थेट मतदानाला जात, तो रविवार. मतदानाच्या वेळीच नाव नोंदवायची सोय बंद झाली. ओळखपत्रांच्या यादीतून काळ्या मतदारांकडे जास्त आढळणारी ओळखपत्रं वगळली गेली.

त्या कायद्यात रंगाचा शब्द कुठेही नव्हता. वाचणाऱ्याला तो सगळ्यांना सारखा लागू होणारा, स्वच्छ कायदा वाटला असता. २९ जुलै २०१६ ला अपील न्यायालयाने त्यातल्या या तरतुदी रद्द केल्या आणि लिहिलं की त्या कृष्णवर्णीयांवर जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने नेम धरतात. हे न्यायालयाला कळलं, कारण विरोधात गेलेल्या लोकांनी तेच आकडे मांडले जे विधिमंडळाने मागवले होते. तोवर २०१४ ची निवडणूक त्यातल्या बऱ्याच तरतुदींखाली पार पडली होती.

तुमच्या पुढच्या उत्तरात मला एवढंच सांगा: तुमच्या तत्त्वाप्रमाणे न्यायाधीशांनी ते आकडे बघायचे होते की नव्हते? आणि बघायचे नव्हते, असं तुमचं म्हणणं असेल, तर तो रविवार कृष्णवर्णीय मतदारांना कोणत्या वाटेने परत मिळाला असता?