यादीत नाव घालणे सोपे, गच्ची गळायची थांबवणे अवघड

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो सोसायटीच्या एका सभेच्या विषयपत्रिकेवरून. आमच्यातले एक जण पार्काच्या मागच्या गल्लीतल्या तीन मजली इमारतीचे सेक्रेटरी आहेत आणि पुनर्विकासाचा प्रस्ताव सभेपुढे ठेवायच्या तयारीत आहेत. ते म्हणाले, "२०१२ साली महापालिकेने जपायच्या जुन्या इमारतींच्या वारसा यादीत भर घालायची नोटीस काढली, तेव्हा या भागातल्या आम्ही सगळ्यांनी हरकती घेतल्या, सह्या गोळा केल्या. त्याबद्दल मला आजही जराही खेद नाही. यादीत नाव गेले असते तर इमारत आमची आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी गत झाली असती."

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारी आमची आर्किटेक्ट मैत्रीण यावर गप्प बसणे शक्यच नव्हते. तिचे म्हणणे असे की, मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहराने १९९५ साली, देशातल्या बाकीच्या शहरांच्या आधी, वारशासाठी स्वतंत्र नियम केले ही साधी गोष्ट नव्हती, आणि ज्यांनी ते करून घेतले त्या श्याम चैनानी यांच्यासारख्या नागरिकांचे ऋण आपण मानत नाही. त्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या कायद्यात बसेल तेवढेच संरक्षित होते. लेणी आणि किल्ले त्यात येत, परंतु लोक राहत असलेली चाळ, चालू असलेले ग्रंथालय किंवा एखाद्या रस्त्याची सबंध रांग त्यात कधीच बसली नसती. त्या वेळच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ६७ क्रमांकाच्या नियमाने ही उणीव भरून काढली आणि पहिल्याच यादीत सहाशेहून अधिक नावे आली.

"नियम ६७ मला पाठ आहे," असे म्हणून महापालिकेतून निवृत्त झालेल्या इंजिनिअरसाहेबांनी सूत्रे हातात घेतली. कट्ट्यावर अर्धवट माहितीवर वाद घालणाऱ्यांना ते सहसा सोडत नाहीत. त्यांनी श्रेण्या समजावून सांगितल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या, शहराची ओळख ठरलेल्या वास्तू येतात आणि त्यांना मजबुतीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग आहेत. तेथे आतले बदल आणि नवा वापर यांना वाव असतो, बाहेरच्या रूपावर मात्र नजर ठेवली जाते, आणि 'ब'मध्ये त्याच आवारात मूळ इमारतीशी मेळ खाणारे नवे बांधकामही करता येते. तिसरी श्रेणी वस्तीचा चेहरा घडवणाऱ्या इमारतींची असून तीत मोकळीक सर्वांत जास्त आहे. अर्ज वारसा संवर्धन समितीकडे जातो, समिती शिफारस करते आणि परवानगी आयुक्त देतात. अपवादात्मक प्रसंगी कारणे लेखी नोंदवून आयुक्त समितीचे मत बाजूलाही ठेवू शकतात. यादीत भर घालायची तर नोटीस, हरकती, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारच्या नगरविकास खात्याची मंजुरी, इतके टप्पे आहेत. "म्हणजे कोणी एका रात्रीत तुमच्या इमारतीवर पाटी लावून गेले असते, ही भीती खरी नव्हती," असे त्यांनी सेक्रेटरींना सुनावले.

सेक्रेटरींनी ते मान्य केले, पण आपला मुद्दा सोडला नाही. "त्या वेळी साडेनऊशेच्या आसपास नावे एकदम आली. त्यात बीडीडी चाळी होत्या, दादर-माटुंग्याच्या वसाहती होत्या आणि आपले शिवाजी पार्कही होते. हरकती इतक्या झाल्या की सरकारला माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकरांची समिती नेमावी लागली. इतक्या लोकांना आपल्या घराचा सन्मान नको होता, याचे कारण तुम्ही कधी विचारले का?"

हा प्रश्न मला रास्त वाटला. वारशाच्या चर्चेत रहिवाशांच्या विरोधाला अडाणीपणा किंवा बिल्डरची फूस एवढीच दोन कारणे दिली जातात, आणि तो विरोध हिशेबाचा असू शकतो हे सोयीस्करपणे विसरले जाते.

हिशेब मांडला तो गिरगावकराने. हा आमचा शाळेपासूनचा मित्र, पागडीच्या, म्हणजे एकदा रक्कम मोजून नाममात्र भाड्यावर राहायच्या, घरात वाढलेला आणि अजून तेथेच राहणारा. त्याने सांगितले की मुंबईतल्या जुन्या इमारतींचे खरे दुखणे १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भाडे १९४०च्या पातळीला बांधले गेले आणि पन्नासहून अधिक वर्षे जवळजवळ तेथेच राहिले. १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यावरच्या चार टक्क्यांत रंगाचा डबाही येत नाही. मालकाने दुरुस्ती करायची सोडून दिली आणि भाडेकरूंनी घर आपले नाही म्हणून हात आखडता घेतला. इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ काढले आणि उपकर लावला, आज तेच काम म्हाडाकडे आहे. "आमच्या जिन्याला टेकू लागले त्याला किती वर्षे झाली, ते मालकालाही सांगता येणार नाही. अशा जिन्यावरून रोज चढणाऱ्याला तुम्ही कठड्यावरची नक्षी दाखवून काय समजावणार?" असे तो म्हणाला.

आर्किटेक्टने येथे एक गोष्ट जोडली, आणि त्या संध्याकाळच्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी तिलाच मानतो. ती म्हणाली की दक्षिण मुंबई जी काही टिकली आहे, ती वारसा यादीमुळे टिकली हा आपला गोड गैरसमज आहे. भाडे गोठल्यामुळे मालकाला पाडून नवे बांधण्याची घाई नव्हती आणि भाडेकरूला हलवता येत नव्हते. मरीन ड्राइव्हवर तर आणखी एक कुलूप होते. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने समुद्रालगतच्या बांधलेल्या पट्ट्यात चटईक्षेत्र, म्हणजे जमिनीवर किती बांधता येते ती मर्यादा, जुन्या नियमावलीच्या पातळीवर अडवून ठेवले. त्यामुळे तेथे पाडून पुन्हा बांधण्यात फारसा फायदाच उरला नाही आणि १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारतींची ती सलग रांग शाबूत राहिली. २०१८ साली युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही अंगांच्या गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, त्यात नागरिकांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्याचे श्रेय आहेच. परंतु स्वीकारण्यासारखे काही शिल्लक ठेवण्याचे काम निम्मेअधिक या दोन कुलपांनी केले होते. २०१९च्या नव्या किनारा अधिसूचनेने त्यातले एक उघडले. दुसरेही पुनर्विकासाच्या सवलतींमुळे हळूहळू सैल होत आहे.

"म्हणजे यादीची खरी परीक्षा आता सुरू झाली," असे इंजिनिअरसाहेब म्हणाले. या एका वाक्यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्यानंतर मात्र एकाही मुद्द्यावर झाले नाही.

सेक्रेटरींनी एस्प्लनेड मॅन्शनचे उदाहरण पुढे केले. काळा घोड्याजवळची ही इमारत म्हणजे मूळचे वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग जहाजाने आणून ती उभारली गेली, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा भारतातला पहिला खेळ तेथेच झाला. इमारत दुसऱ्या 'अ' श्रेणीत आहे आणि २००६ साली जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीतही ती होती. "दोन-दोन याद्यांत नाव होते ना? तरी २००५ साली तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ साली रहिवासी व वकिलांची कार्यालये यांना बाहेर पडावे लागले. म्हाडा पाडा म्हणते, वारसावाले वाचवा म्हणतात, प्रकरण न्यायालयात जाते आणि या सगळ्यात लोखंडाचा गंज काही थांबत नाही. मग यादीने नेमके काय दिले?"

आर्किटेक्टने त्याला भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय ऐकवले. १८७२ साली खुले झालेले हे संग्रहालय विसाव्या शतकाच्या अखेरीस पार रया गेलेल्या अवस्थेत होते. २००३ साली महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, पैसा उभा राहिला, कारागीर मिळाले आणि २००५ साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९९३ पासून बंद पडलेले गिरगावचे रॉयल ऑपेरा हाउस २०१६ साली पुन्हा उघडले, तेही तिने सांगितले. गिरगावकर लगेच म्हणाला, "पहिल्याची मालक महापालिका आणि दुसऱ्याचे मालक गोंडलचे राजघराणे. माझा मालक यांपैकी कोणी नाही."

या टोमण्यावर सगळे हसले, पण मुद्दा बिनतोड होता. मुंबईत संवर्धनाची जी उत्तम कामे झाली त्यांत राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळा स्थानक ही नावे ठळक आहेत, आणि या सर्वांच्या मागे एखादी संस्था, विश्वस्त मंडळ किंवा दाता उभा होता. खोताचीवाडीतली लाकडी सज्ज्यांची घरे किंवा माझगावच्या माथारपाखाडीतले बंगले यांच्या मागे एखादे कुटुंब असते, त्यातली निम्मी भावंडे परदेशात असतात आणि वाटणीचा दावा चालू असतो. दोघांना एकच नियम लावला की पहिला सुशोभित होतो आणि दुसरा विकला जातो.

आर्किटेक्टने मग दुरुस्तीचे अर्थकारण उलगडले. समुद्राच्या हवेतले मीठ काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट ढलपे होऊन पडते. आर्ट डेको इमारतींच्या ज्या गोलाकार गॅलऱ्या आणि छज्जे आपण फोटोत पाहतो, तेथेच हे आधी होते, कारण पावसाचा मारा त्यांच्यावरच असतो. मालाड किंवा कुर्ल्याच्या दगडाच्या जुन्या इमारतींचे दुखणे वेगळे. त्यांच्या दगडांमधले चुन्याचे सांधे स्वस्तात सिमेंटने भरले की ओल आत अडकते आणि दगडच झिजू लागतो. योग्य काम चुन्यातच करावे लागते आणि ते करणारे गवंडी थोडे आहेत. साहजिकच वारसा इमारतीची दुरुस्ती साध्या इमारतीपेक्षा महाग पडते. सेक्रेटरींच्या भाषेत सांगायचे तर, यादीत नाव येणे म्हणजे घरी हत्ती बक्षीस मिळणे.

"चाऱ्याची तरतूद नियमात आहे," असे इंजिनिअरसाहेब म्हणाले तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो. त्यांनी सांगितले की १९९५च्या नियमांतच वारसा इमारतींच्या दुरुस्तीला साहाय्य करण्यासाठी स्वतंत्र निधी उभारता येईल, अशी तरतूद केली होती. शिवाय वारशाच्या बंधनामुळे मालकाला जे चटईक्षेत्र वापरता येत नाही, त्याचे हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर घेऊन ते बाजारात विकण्याची सोय होती, आणि इमारत जपण्याचे कबूल करणाऱ्याला राहत्या जागेत कार्यालय किंवा हॉटेल काढण्याची मुभाही मिळू शकत होती. "सोय कागदावर होती," असे ते पुढे म्हणाले, आणि एरवी महापालिकेची बाजू सोडायला तयार नसलेल्या माणसाने हे म्हणावे याचे मला नवल वाटले. "टीडीआर मिळवायला जेवढ्या टेबलांवरून फाइल फिरते, त्याच्या निम्म्या टेबलांवरून पुनर्विकासाची फिरते. मग मालक कोणत्या रांगेत उभा राहील?"

गिरगावकराने बीडीडी चाळींचा विषय काढला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे विसाव्या शतकाच्या विशीत बांधलेल्या २०७ इमारती होत्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळत असेल, तर त्याने चाळीचा वारसा म्हणून अडून बसावे असे सांगायचा अधिकार कोणाला आहे, असे त्याने विचारले. आर्किटेक्टचे उत्तर असे की, सगळ्या चाळी राखा असे ती म्हणतच नाही. पण स्वातंत्र्यलढा आणि कामगार चळवळ ज्या अंगणांत वाढली, त्यांतल्या दोन-चार इमारती मूळ रूपात ठेवून बाकी वस्ती नव्याने बांधता आली असती, आणि तसे झाले तर रहिवाशाचे काहीच जात नाही. मला तिचे म्हणणे पटते. श्रेण्यांची यादी इमारतीगणिक विचार करते किंवा एकदम सबंध परिसरावर बंधन घालते, यांच्या मधला मार्ग त्या यादीला अजून सापडलेला नाही. १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तिचे वैशिष्ट्य रस्त्यांची रुंदी, इमारतींमधले अंतर आणि झाडे यांत आहे. एकेका इमारतीच्या विटा राखण्यापेक्षा उंचीची मर्यादा आणि ते मोकळे अंतर राखणे तेथे अधिक मोलाचे ठरेल, आणि रहिवाशांना ते झेपेलही.

सेक्रेटरी बराच वेळ ऐकत होते. अखेर त्यांनी थेट सौदा मांडला. दुरुस्तीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा निधीतून मिळणार असेल, टीडीआरचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत हातात पडणार असेल आणि हे दोन्ही यादीत नाव घालण्याच्या नोटिशीतच लिहिलेले असेल, तर आपण पुनर्विकासाचा ठराव मागे ठेवून सभासदांपुढे दुरुस्तीचा प्रस्ताव आणू, असे ते म्हणाले. निधीसाठी पैसा कोठून आणायचा, यावर आर्किटेक्टने सुचवले की वाढीव चटईक्षेत्रासाठी महापालिका बिल्डरांकडून जे अधिमूल्य घेते, त्यातला एक वाटा त्याच विभागातल्या वारसा इमारतींसाठी बांधून ठेवावा. इंजिनिअरसाहेबांनी होकारार्थी मान हलवली, कारण तो पैसा एकदा सर्वसाधारण तिजोरीत गेला की परत मागणे किती कठीण असते, हे त्यांनी नोकरीत पाहिले आहे.

गिरगावकराचे समाधान तरीही झाले नाही. "तुमची सोसायटी आहे, तुमच्या नावावर चेक निघेल. पागडीच्या इमारतीत तो मालकाच्या नावावर निघेल, आणि जिना मात्र आम्ही वापरतो. निधी भाडेकरूंच्या संघाला थेट मिळेल, असे नोटिशीत लिहिणार असाल तर माझीही सही घ्या."

तसे लिहायचे तर आधी भाडे कायद्यात बदल करावा लागेल, असे इंजिनिअरसाहेब म्हणाले. गिरगावकराला ते मान्य नव्हते. त्याच्या मते दुरुस्ती मंडळ पन्नासहून अधिक वर्षे भाडेकरूंच्या इमारतींवर सरकारी पैसा खर्च करत आहे, त्यासाठी मालकाच्या नावाने चेक काढावा लागलेला नाही, आणि वारसा निधीलाही तीच वाट मोकळी आहे.