चार्ज

सकाळी अकराच्या सुमारास सौभाग्यवतींचा फोन आला, "अहो, चार्ज घेतलात का?" मी खिसे चाचपले आणि प्रामाणिकपणे सांगितले, "नाही, तो घरीच राहिला. पलंगाशेजारच्या प्लगला असेल बघ." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "चार्जर नव्हे हो, नव्या टेबलाचा चार्ज!"

सांगलीत विश्रामबागेतल्या कार्यालयात बदलीने हजर होण्याचा तो माझा पहिला दिवस होता, आणि फोनमध्ये 7 टक्के जीव उरला होता. सरकारी मराठीत या विधीला कार्यभार स्वीकारणे म्हणतात. पण आमच्याकडे आजवर कोणी कार्यभार स्वीकारल्याचे ऐकिवात नाही, सगळे चार्जच घेतात. माझ्या आधीच्या गृहस्थांनी यादी पुढे केली: लोखंडी कपाटे 2, पैकी एकाची किल्ली नाही, लाकडी खुर्च्या 6, पैकी 2 मोडक्या, रबरी शिक्के 4, पंचिंग मशीन 1. हे शेवटचे मशीन यादीत होते, टेबलावर नव्हते. ते सापडल्याशिवाय मी चार्ज घेणार नाही असे मी म्हणालो, ते सापडल्याशिवाय चार्ज सोडता येत नाही असे ते म्हणाले, आणि त्यामुळे अडीच वाजेपर्यंत त्या टेबलाला एकतर दोन मालक होते किंवा एकही नव्हता. अखेर मशीन किल्ली नसलेल्या कपाटाच्या मागे निघाले. दरम्यान बँकेचा संदेश आला, की खात्यातली शिल्लक कमी असल्याने चार्जेस वजा करण्यात आले आहेत. शिल्लक कमी म्हणून ती आणखी कमी करण्याचे हे गणित मला अद्याप उलगडलेले नाही.

फोनने मान टाकायच्या आत मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

"चार्ज करायचा चार्ज किती?"

"दहा रुपये."

मी दहाची नोट दिली, त्याने पिन लावली आणि लाइट गेली. नोट मात्र गल्ल्यात गेलेली होती.

त्या अंधाऱ्या दुकानातल्या बाकावर बसून मी या शब्दाचा माग काढत राहिलो, कारण शब्दांची मुळे उकरण्याची मला जुनी खोड आहे आणि दुसरे करण्यासारखे काही नव्हते. रोमनांनी गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, केल्ट लोकांकडून मालवाहू गाडीसाठी 'कार्रुस' हा शब्द उचलला. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद झाले, ते फ्रेंचमध्ये झिजून 'चार्ज' बनले आणि 13व्या शतकात इंग्रजीत उतरले. कार, कॅरी आणि कार्गो ही त्याच गाडीतली भावंडे. व्यंगचित्राला कॅरिकेचर म्हणतात, कारण इटालियन चित्रकार नाकावर नको तेवढा माल चढवतो; आणि ज्या करिअरपायी माझी बदली झाली, त्याच्या मुळाशीही गाडीवाटच आहे.

एकदा ओझे म्हटले की ते कशावरही लादता येते. माणसावर लादले की जबाबदारी, खात्यावर लादले की शुल्क, बंदुकीत ठासले की दारू. आणि भरलेले शस्त्र रोखण्यापासून तुटून पडण्यापर्यंत शब्दाला फार चालावे लागले नाही, त्याचा प्रसाद लाठीचार्जमध्ये आपल्यालाही मिळाला. विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज साठवण्यालाही 'चार्ज'च म्हटले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तर 1749 मध्ये काचेची 11 तावदाने जोडून केलेल्या साधनाला तोफखान्यातला 'बॅटरी' हा शब्द देऊन टाकला. म्हणजे माझ्या खिशात बैलगाडी आणि तोफखाना दोन्ही होते, आणि दोन्ही बंद पडले होते.

यात इंग्रजांनी फुशारकी मारावी असे मात्र काही नाही. आपणही भारच उचलला: विजेचा प्रभार, खात्याचा प्रभारी, सरचार्जला अधिभार, आणि वीज घालवण्याला भारनियमन. आरोप म्हणजे मुळात वर चढवणे, तेव्हा दोषारोपपत्र म्हणजे मानेवर दोष चढवल्याची पावतीच. फक्त वीजबिलावर स्थिर आकार आणि वहन आकार असे शब्द येतात. तो आकार पाहून आपला चेहरा आकार बदलतो, हे वेगळे. याच शब्दाला उलटे करून झालेला डिस्चार्ज तर आम्हा सांगलीकरांच्या तोंडी पावसाळाभर असतो, कारण कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा डिस्चार्ज किती, यावर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीवर थांबेल की 45 फुटांची धोका पातळी गाठेल, याचा निकाल आम्ही चहाच्या गाड्यावर लावतो.

संध्याकाळी माधवनगर रस्त्याने घरी येताना उसाने भरलेली एक बैलगाडी चढावर अडलेली दिसली. मोळ्या गाडीवानाच्या डोक्यापेक्षा उंच रचलेल्या होत्या, बैलांच्या तोंडाला फेस आला होता आणि एक चाक साइडपट्टीच्या मुरमात रुतले होते. "साहेब, जरा हात लावा की," तो म्हणाला. दिवसभर ज्याच्या नावाने बोटे मोडत होतो तो कार्रुस साक्षात समोर उभा होता. त्यामुळे मी इस्त्रीच्या शर्टानिशी खांदा लावला. गाडी निघाली आणि वाढ्याचे एक धारदार पाते माझ्या कानाला सही करून गेले.

घरी पोहोचेपर्यंत आठ वाजले. सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या.

"कानाला काय झालं? आणि फोन का लागत नव्हता?"

"डिस्चार्ज झाला होता."

आतल्या खोलीतून आईचा घाबरा आवाज आला, "अगं बाई! कुठल्या दवाखान्यात ठेवलं होतं याला?"