एक्स्टेन्शन बदलून टीव्ही फसत नाही

कॉम्प्युटरवर झकास चालणारा व्हिडिओ टीव्हीवर अडला, की एक मेसेज हमखास पुढे येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "टीव्हीला फक्त एमपी४ कळतं. फाइलच्या नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहा, चालेल. नाहीच चाललं तर कन्व्हर्टरमधून काढा, क्वालिटी अजिबात जात नाही. आवाज येत नसेल तर टीव्ही बिघडलाय. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्येच फॉरमॅट करा. नाहीतर लॅपटॉप आणि टीव्ही सरळ यूएसबी केबलने जोडा. वायरलेसनेही तेच दिसतं. चित्र आणखी चांगलं हवं तर भारी एचडीएमआय केबल घ्या."

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मेसेज इतका टिकला. एकेक घेऊ.

"नाव बदला, चालेल."

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचे एक किंवा अनेक, शिवाय सबटायटल. चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे आकार लहान करण्याच्या कोणत्या पद्धतीने, दाबलं आहे, २००३ सालच्या एच.२६४ ने, २०१३ च्या एच.२६५ ने की २०१८ च्या एव्ही१ ने, हे डब्याच्या नावावरून कळत नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग, ही डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ती बदलल्याने आतला माल बदलत नाही.

मग काही जणांचं नाव बदलल्यावर चालतं कसं? टीव्ही यादी दाखवताना चिठ्ठी बघतो, पण फाइल उघडताना बरेच टीव्ही तिचे पहिले काही बाइट वाचून डबा ओळखतात. ओळखीचं एक्स्टेन्शन दिल्यामुळे यादीत नव्हती ती फाइल यादीत आली आणि आतलं कोडेक टीव्हीला पेलणारं निघालं, की झालं काम. एम४व्हीचं एमपी४ केलं तर बहुतेक वेळा खरंच चालतं, कारण तो मुळात एकच डबा आहे. एमकेव्ही डबा न उघडणाऱ्या टीव्हीवर एमकेव्हीचं एमपी४ केलं तर मात्र फाइल यादीत दिसते आणि उघडायला गेलं की "फॉरमॅट सपोर्टेड नाही" असं येतं. तसंही आजचे बहुतेक टीव्ही एमकेव्ही डबा उघडतात. अडतं ते आतल्या मालावर.

कॉम्प्युटरवर चालतं याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग नाही. व्हीएलसीसारखा प्लेअर डीकोडिंग, म्हणजे दाबलेलं उलगडणं, सॉफ्टवेअरमध्ये करू शकतो, त्याला जवळपास सगळंच पचतं. टीव्हीत डीकोडिंगचं काम एक ठरावीक चिप करते आणि तिला जे शिकवलं आहे तेवढंच येतं. अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी किंवा कोडी टाकता येतं, पण चिपला न येणारं कोडेक तिथे टीव्हीच्या साध्या प्रोसेसरवर पडतं आणि मोठं चित्र अडखळू लागतं.

म्हणून पहिलं काम: फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा आणि टेक्स्ट व्ह्यू बघा. व्हिडिओच्या भागात चार ओळी महत्त्वाच्या आहेत. फॉरमॅट (म्हणजे कोडेक), फॉरमॅट प्रोफाइल, बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाचा तपशील किती ठेवला, ४:२:० किंवा ४:२:२ असा). एच.२६४ मध्ये "हाय" प्रोफाइल, लेव्हल ४.१ पर्यंत, ८ बिट, ४:२:० असं असेल तर फुल एचडी टीव्हीने ते चालवायलाच हवं. "हाय १०" दिसलं, म्हणजे १० बिटांचं एच.२६४, तर बहुतेक टीव्हींची चिप हात वर करते. यात गंमत अशी, की एच.२६५ चं १० बिट तेच ४के टीव्ही बिनतक्रार चालवतात, कारण एचडीआरसाठी, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रासाठी, ते लागतंच. १० बिटांचा एच.२६४ टीव्ही प्रसारणात कधी रुळलाच नाही. काही कॅमेऱ्यांतून थेट आलेल्या फाइलींत ४:२:२ असतं, तेही टीव्हीला सहसा नको असतं.

पाचवी ओळ रेफरन्स फ्रेम्सची, म्हणजे पुढचं चित्र बांधताना मेमरीत धरून ठेवायच्या फ्रेमची, आणि ती हमखास नजरेतून सुटते. लेव्हल ४.१ च्या मेमरीत १९२० बाय १०८० च्या जेमतेम ४ फ्रेम मावतात. एन्कोड करणाऱ्याने हौसेने १६ टाकल्या असतील तर चित्र सुरू होतं आणि थोड्याच वेळात चौकोनी ठिगळं पडायला लागतात. लोक पेनड्राइव्हला दोष देतात.

"कन्व्हर्ट करा, क्वालिटी जात नाही."

कन्व्हर्ट या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं लपली आहेत. पहिलं रीमक्स: आतले प्रवाह जसेच्या तसे उचलून दुसऱ्या डब्यात ठेवणं. यात क्वालिटी खरंच तसूभर जात नाही आणि वेळ साधारण फाइल कॉपी करण्याइतकाच लागतो. दुसरं री-एन्कोड: चित्र उलगडून पुन्हा दाबणं. यात दर वेळी काहीतरी कायमचं जातं. नवी फाइल जुनीपेक्षा मोठी ठेवली तरी गेलेलं परत येत नाही. दोन तासांची फाइल दहा मिनिटांच्या आत "कन्व्हर्ट" झाली तर ते बहुधा रीमक्स आहे, किंवा ग्राफिक्स कार्डाने घाईत दाबलेलं काम.

फक्त डबाच अडत असेल तर लॉसलेसकट या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका, आउटपुट एमपी४ निवडा, नको असलेले ट्रॅक बंद करा, एक्स्पोर्ट दाबा. हँडब्रेक हा कन्व्हर्टर इथे वापरू नका. तो आवाज जसाच्या तसा पुढे देऊ शकतो, चित्र कधीच नाही. चित्र तो प्रत्येक वेळी नव्याने दाबतो.

री-एन्कोड लागतंच अशी प्रकरणंही आहेत: हाय १०, ४:२:२, किंवा एक्सव्हिड-डिव्हएक्स या जुन्या कोडेकच्या एव्हीआय फाइली, ज्यांचा आधार अनेक नव्या टीव्हींतून काढून टाकला आहे. तेव्हा हँडब्रेकच घ्या. एन्कोडर एक्स२६४ (एच.२६४ दाबणारा), प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, फुल एचडीसाठी आरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, २०. हा आकडा जितका लहान तितकी क्वालिटी आणि फाइल मोठी. १८ च्या खाली गेल्यास फाइल फुगते, डोळ्याला फरक दिसत नाही. फ्रेमरेट "सेम अ‍ॅज सोर्स" ठेवा, पण त्याखालचा पर्याय "कॉन्स्टंट" करा. मोबाइलच्या आणि स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फाइलींत फ्रेमरेट सतत बदलता असतो. काही टीव्ही तो स्थिर धरून चालतात, आणि वीस मिनिटांनी ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

एचडीआर फाइलीला मात्र हे सेटिंग लावू नका. ८ बिटांच्या एच.२६४ मध्ये ढकललं तर रंग धुतल्यासारखे फिके येतात. तिथे १० बिटांचा एच.२६५ एन्कोडर निवडा.

"आवाज नाही म्हणजे टीव्ही बिघडला."

चित्र स्वच्छ, आवाज शून्य, किंवा पडद्यावर "ऑडिओ कोडेक सपोर्टेड नाही". टीव्ही धडधाकट असतो. आवाजाचा ट्रॅक बहुतेक वेळा डीटीएस या कोडेकमध्ये असतो. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस काढून टाकलं, एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. म्हणजे जुना टीव्ही जी फाइल बोलून दाखवायचा ती नवा मुकाट्याने दाखवतो, आणि माणूस दुकानदाराशी भांडतो. डॉल्बी ट्रूएचडी या आवाजाच्या कोडेकचंही असंच, बहुतेक टीव्ही ते स्वतः डीकोड करत नाहीत.

अशा वेळी पूर्ण फाइल कन्व्हर्ट करणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आधी रिमोटवरून ऑडिओ ट्रॅक बदलून बघा. अनेक एमकेव्हींत डीटीएसच्या मागे दुसरा एसी३ (डॉल्बी डिजिटल) ट्रॅक असतोच. नसेल तर अ‍ॅव्हिडीमक्स हा प्रोग्रॅम उघडा: व्हिडिओ आउटपुट "कॉपी", ऑडिओ आउटपुट "एसी३", आउटपुट फॉरमॅट एमकेव्ही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, ५.१ (सहा चॅनेलच्या) आवाजाला ४४८ किंवा ६४० केबीपीएस. एसी३ ची कमाल ६४० च आहे. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे काम काही मिनिटांत होतं. एकच अडचण: अ‍ॅव्हिडीमक्स सबटायटलचे ट्रॅक गाळून टाकतो. ते आधी सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये मूळ एमकेव्ही उघडून एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटल फाइल, म्हणून वेगळे काढून ठेवा.

एसआरटीचा विषय निघालाच आहे तर, तिचं नाव व्हिडिओच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं आणि ती यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी. नोटपॅडच्या "सेव्ह अ‍ॅज" मध्ये खाली एन्कोडिंगचा पर्याय असतो. एएनएसआयमध्ये देवनागरी मावतच नाही, सगळी प्रश्नचिन्हं होतात. यूटीएफ-८ असूनही चौकोन दिसले तर टीव्हीत फाँट नाही. अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, तर टीव्हीच्या प्लेअरला देवनागरीची जुळणी येत नाही. त्यावर उपाय एकच, हँडब्रेकमध्ये सबटायटलला "बर्न इन" करून ती चित्रातच उमटवणं. त्यासाठी री-एन्कोड आलंच.

"पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्येच हवा."

जुन्या टीव्हींपुरतं खरं. पण एफएटी३२ या ड्राइव्हवरच्या जुन्या मांडणीत एका फाइलची मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी एवढी आहे. ६४ जीबीचा रिकामा ड्राइव्ह आणि ६ जीबीची फाइल, तरी विंडोज "फाइल फार मोठी आहे" म्हणून नकार देतं, त्याचं कारण हे. गेल्या काही वर्षांतले बहुतेक टीव्ही एक्सफॅट आणि एनटीएफएस वाचतात. आधी एक्सफॅट करून बघा. मॅकवर फॉरमॅट करताना एपीएफएस नको, ते टीव्हीला कळत नाही. आणि तिथल्या "स्कीम" मध्ये "मास्टर बूट रेकॉर्ड" निवडा, जीयूआयडी नको, कारण काही टीव्ही जीयूआयडीचा ड्राइव्ह रिकामा समजतात. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं जातं, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं.

टीव्ही खरोखर एफएटी३२ वरच अडून बसला असेल तर मोठी एमकेव्ही एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमच्या "स्प्लिट" पर्यायाने आकारानुसार तोडा, ३९०० एमबीचे तुकडे. प्रत्येक तुकडा स्वतंत्र चालतो. आरएआरने केलेले तुकडे टीव्हीच्या काही कामाचे नाहीत.

पोर्टेबल हार्डडिस्क लावल्यावर नुसतं टिक-टिक ऐकू येत असेल तर फॉरमॅटचा प्रश्न नाही, विजेचा आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. फिरणारी डिस्क सुरू होताना याहून जास्त ओढू शकते. स्वतंत्र वीज असलेला हब मध्ये लावा.

"लॅपटॉप आणि टीव्ही यूएसबीने जोडा."

हे करू नका. टीव्हीचा यूएसबी पोर्ट यजमान आहे आणि लॅपटॉपचाही यजमानच. दोघेही पाहुण्याची वाट बघत बसतात, चित्र येत नाही. दोन्ही टोकांना चपटं चौकोनी ए प्लग असलेली केबल लावली तर दोन्हीकडून ५ व्होल्ट एकमेकांवर आदळतात आणि पोर्टही जाऊ शकतो.

लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून एचडीएमआय काढता येतं, तेही प्रत्येक पोर्टमधून नाही. त्या पोर्टात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असायला हवा. पोर्टजवळ डी-पी असं किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह असेल तर तो असतो. काहीच नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती वाचल्याशिवाय अ‍ॅडॅप्टर घेऊ नये.

"वायरलेसनेही तेच दिसतं."

कोणत्या वायरलेसने, यावर आहे. विंडोज आणि के ही बटणं दाबून होतं ते मिराकास्ट. त्यात लॅपटॉप आपला पडदा चालता चालता पुन्हा एच.२६४ मध्ये दाबतो आणि पाठवतो. म्हणजे आधी दाबलेलं पुन्हा दाबलेलं, वर थोडा उशीर. पटापट हालचालीच्या दृश्यात ठिगळं दिसतात ती म्हणून. डीएलएनए या घरच्या नेटवर्कवरून फाइल देण्याच्या पद्धतीत उलट, मूळ फाइलच नेटवर्कवरून जाते आणि टीव्ही ती स्वतः उलगडतो. क्वालिटी शाबूत, पण वरच्या कोडेकच्या सगळ्या अटी परत लागू.

डीएलएनएवर मोठी ४के फाइल थांबत थांबत चालली तर टीव्हीला लॅन केबल लावायचा सल्ला मिळतो. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, आणि ४के ब्लू-रे दर्जाच्या फाइलीचा बिटरेट मधूनमधून त्याच्या वर उडी मारतो. त्याच टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, राउटर जवळ असेल तर, केबलपेक्षा वेगवान निघू शकतं.

"भारी एचडीएमआय केबल, भारी चित्र."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सिग्नल डिजिटल आहे. केबल कमी पडली तर चित्रात चमचमते ठिपके येतात, पडदा मधेच काळा होतो किंवा काहीच येत नाही. रंग "थोडे फिके" होणं हे केबलचं लक्षण नाही. फुल एचडीला साधी हायस्पीड केबल पुरते. ४के ६० हर्ट्झला १८ जीबीपीएसची प्रीमियम हायस्पीड लागते, आणि ती ५ मीटरच्या आत ठेवलेली बरी.

फिकेपणाचं कारण बहुधा सेटिंगमध्ये असतं. लॅपटॉप ० ते २५५ अशी पूर्ण पट्टी पाठवतो आणि टीव्ही १६ ते २३५ ची अपेक्षा करतो, तेव्हा अंधारातले तपशील काळ्यात बुडतात; उलट झालं तर काळा राखाडी दिसतो. टीव्हीतला "एचडीएमआय ब्लॅक लेव्हल" किंवा ग्राफिक्स कार्डातली "आउटपुट डायनॅमिक रेंज", दोन्हींपैकी एक बदलून जुळवा. टास्कबार कडेला कापला जात असेल तर टीव्हीचं ओव्हरस्कॅन बंद करा, एलजीवर त्याला "जस्ट स्कॅन" म्हणतात. कॅमेरा संथपणे सरकताना चित्र बारीक धक्के खात असेल, तर २४ फ्रेमची फाइल ६० हर्ट्झवर चालली आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये "अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले" उघडून रिफ्रेश रेट २३ किंवा २४ हर्ट्झ करा. फाइल २३.९७६ ची असेल तर २३ वाला पर्याय. माऊस त्या वेगाला चिखलातून ओढल्यासारखा चालतो, म्हणून पाहून झाल्यावर तो परत ६० वर आणा.