मंगळावरून घरी फोन नको : वसाहतप्रमुखांसाठी काही सूचना

मंगळावर माणसं नेणं हा तुमच्या योजनेतला सोपा भाग. नेलेली माणसं घरी फोन करतात, हा खरा ताप. आईनं विचारलेल्या एका "जेवलास का?"नं तुमचं दोन वर्षांचं प्रबोधन धुऊन जातं. तेव्हा नवा, निर्मळ, पृथ्वीच्या घाणीपासून मुक्त वगैरे समाज घडवायचा असेल, तर आधी फोनचा बंदोबस्त करा.

निम्मं काम निसर्गानंच करून ठेवलंय. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटरच्या दरम्यान बदलत राहतं, त्यामुळे रेडिओलहरींना एका बाजूनं पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि "हो, बोल" यांच्यात पाऊण तासापर्यंत वेळ जाऊ शकतो. एवढ्यात नवराबायकोचं भांडणसुद्धा निवतं. उरतात ते निरोप, आणि निरोप वाचून, चाळून, गरज पडल्यास 'हरवून' पुढे पाठवता येतात. उशीर कुणाला खटकणारही नाही, तो होणारच असतो.

आता चावी कुठं आहे ते समजून घ्या. स्पेससूटमधल्या किंवा खोलीतल्या साध्या रेडिओचा आवाज पृथ्वीपर्यंत पोचत नाही. तो डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला गाठतो. उपग्रह जेमतेम दहाएक मिनिटं टप्प्यात असतो, तेवढ्यात सगळं वर चढवायचं. मग तो आपल्या ३ मीटरच्या डिशनं ते पृथ्वीकडे पाठवतो. झेलायला तिकडे गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथे ७० मीटर व्यासाच्या डिश आहेत, आपल्या बंगळुरूजवळ ब्याळाळूला ३२ मीटरची आहे, आणि जर्मनीत बोखुमला २० मीटरच्या डिशवर कान लावून बसलेले हौशी रेडिओवालेही आहेत. या झेलणाऱ्यांवर तुमची सत्ता चालत नाही. पाठवणारी डिश मात्र एकच. सोसायटीत गच्चीची किल्ली ज्याच्या खिशात तोच खरा सेक्रेटरी, तसा उपग्रहाचा पासवर्ड ज्याच्याकडे तोच वसाहतप्रमुख. घटना, निवडणुका, सल्लागार समिती हे सावकाश होऊ द्या.

संपर्क उघडपणे मात्र बंद करू नका. बंदी घातली की हुतात्मे तयार होतात. बिघाड झाला की फक्त तक्रारअर्ज येतात.

बिघाडाचे नमुने इतिहासात तयार आहेत. व्हायकिंग-१ हे यान १९७६ पासून मंगळावर ठणठणीत होतं. नोव्हेंबर १९८२मध्ये बॅटरीचं चार्जिंग सुधारायला पृथ्वीवरून एक दुरुस्ती पाठवली गेली. ती नेमकी अँटेना कुठं रोखायची या माहितीवर लिहिली गेली आणि यान कायमचं मुकं झालं. कुणाचा वाईट हेतू नाही, चौकशीला जागा नाही; 'सॉफ्टवेअर अपडेट' या दोन शब्दांपुढे सुज्ञ माणूसही गप्प बसतो. एवढं टोकाला जायचं नसेल तर डिश दोन अंश वळवा. ३ मीटरच्या डिशचा झोत एक अंशाहूनही अरुंद असतो, दोन अंश म्हणजे पृथ्वी पार बाहेर. जुलै २०२३मध्ये दूर अंतराळातलं व्हॉयेजर-२ हे यान असंच चुकीच्या आज्ञेनं दोन अंश वळलं होतं. तिथं मात्र दोन धडे आहेत. एक, कॅनबेराच्या मोठ्या डिशनं पूर्ण ताकदीनं आज्ञा पाठवली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला यान ताळ्यावर आलं. दोन, तसं झालं नसतं तरी ऑक्टोबरमध्ये ते आपोआप पृथ्वीकडे तोंड करणारच होतं, तशी सोय त्यात मुळात होती. तुमच्या उपग्रहातली ही सोय आधी काढून टाका. लोक नेमकं हेच विसरतात.

सूर्याचाही उपयोग करून घ्या. दर २६ महिन्यांनी तो दोन्ही ग्रहांच्या मध्ये येतो आणि त्याच्या तप्त वायूतून जाताना संदेश विस्कटतात, म्हणून सुमारे दोन आठवडे यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. ही रजा अधिकृत आहे, ती वाढवण्याचा मोह आवरा. तीन-चार महिने ताणलीत, तर एखादं पोरगं निळसर सूर्यास्त बघायला खिडकीशी बसेल आणि विचारेल, "काका, सूर्य आडवा आलाय म्हणता, मग तो वर चमकतोय तो ठिपका कसला?" मंगळावरून पृथ्वी संध्याकाळची चांदणी म्हणून नुसत्या डोळ्यांनी दिसते. तेव्हा खिडक्याच ठेवू नका. किरणोत्सर्गापासून बचावासाठी घरांवर मातीचे थर रचावेच लागतात, कारणही खरं आहे.

कायद्याची फार धास्ती नको. १९६७च्या अंतराळ करारानुसार परग्रहावरचं ठाणं इतर सदस्य देशांच्या प्रतिनिधींना परस्पर तत्त्वावर खुलं ठेवावं लागतं, पण भेटीची पूर्वसूचना त्यांनीच द्यायची असते. पाहुण्यांच्या प्रवासाला सहा-सात महिने. तेवढ्यात भिंतींना रंग देऊन होतो.

आता अडचणीची गोष्ट. बोलणं तोडता येतं, सामान तोडता येत नाही.

अ‍ॅरिझोनात १९९१मध्ये बायोस्फिअर-२ नावाच्या सुमारे सव्वातीन एकरांच्या काचघरात आठ माणसांनी दोन वर्षांसाठी स्वतःला बंद करून घेतलं. दोन आठवड्यांच्या आत एकीचं बोट मळणीयंत्रात सापडलं, शस्त्रक्रियेला बाहेर जावं लागलं, आणि येताना बरोबर पिशवीभर सामानही आलं. मग ऑक्सिजन उतरू लागला. जमीन सुपीक व्हावी म्हणून मुबलक सेंद्रिय खत घातलं होतं. त्यातले जिवाणू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो वायू काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांकडून ऑक्सिजन परत मिळण्याची वाटच बंद झाली. प्रमाण २१ टक्क्यांवरून १४च्या आसपास आलं, माणसांना जिना चढवेना, आणि जानेवारी १९९३मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. तिथं 'बाहेर' म्हणजे अ‍ॅरिझोना होतं. तुमच्या बाहेर एक टक्क्याहून कमी दाबाची हवा आहे आणि तिच्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढणारं मॉक्सी हे उपकरण २०२१ ते २०२३ या काळात मंगळावर १६ वेळा चाललं आणि एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. अनुयायांना कमी श्वास घ्यायची सवय लावता येईल, पण इतकी नाही.

म्हणून स्वतःसाठी एक छोटी डिश गुपचूप ठेवा. तुमचा विचार कितीही स्वयंपूर्ण असला, तरी हवेच्या पंपाचं सील, फिल्टर, प्रोसेसरची चिप, इन्सुलिन हे सगळं पृथ्वीवरूनच येणार. पंपाचं सील फाटलं की रात्री सगळे झोपल्यावर ऑर्डर द्या, आणि माप मिलिमीटरमध्ये की इंचात ते स्वच्छ लिहा. १९९९मध्ये एका चमूचा हिशेब पौंडात आणि दुसऱ्याचा न्यूटनमध्ये राहिल्यामुळे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाच्या हवेत फार खाली शिरून गेलं. खेप पाठवायची संधी २६ महिन्यांतून एकदा, प्रवास सहा-सात महिन्यांचा. चुकीचं सील बदलून मागवायला किती दिवस लागतील आणि टाकीत किती दिवसांची हवा आहे, हे दोन आकडे ऑर्डर देण्याआधी शेजारी शेजारी लिहून बघा.