‘टेन्शन घेऊ नकोस’ हा एक्झिमावरचा इलाज नाही

एक्झिमा (इसब, म्हणजे त्वचेवर पुन्हा पुन्हा उठणारे खाजरे, कोरडे चट्टे) असलेल्या माणसाला ‘तू फार विचार करतोस, म्हणून अंगावर उठतं’ असं कृपया सांगू नका. ताणाने एक्झिमा भडकतो, हे खरं. पण मुळात त्याची त्वचाच कच्ची असते. बऱ्याच जणांत फिलॅग्रिन हे प्रथिन कमी बनतं. मग ओलावा टिकत नाही, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात आणि रोगप्रतिकारक पेशी आयएल-४, आयएल-१३ (इंटरल्यूकिन) हे सूज वाढवणारे निरोप्या रेणू सोडतात. त्यांच्यामुळे फिलॅग्रिन आणखी घटतं. सोबतचं आयएल-३१ खाजेच्या नसाच चेतवतं. नुसत्या अँटिहिस्टामिन गोळीने (ती हिस्टामिन या वेगळ्याच रसायनाला अडवते) फार तर झोप येते, खाज मात्र फारशी हटत नाही, ती यामुळे.

ताण या आगीत तेल ओततो. नसांच्या टोकांतून सबस्टन्स-पी हे रसायन सुटतं, शेजारच्या मास्ट पेशी (खाज-सूज आणणारी रसायनं साठवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) उद्दीपित होतात, त्वचेची डागडुजी मंदावते. रात्री खाजवून झोपेचं खोबरं होतं आणि दुसऱ्या दिवशीचा ताण तिथूनच सुरू होतो.

वर्षानुवर्षं असं चाललं की गुडघ्यामागची, कोपराच्या आतली कातडी जाड, राठ होते, तिच्यावरच्या रेषा ठळक दिसू लागतात. चट्टा गेला तरी त्या जागी स्मृती टी-पेशी, म्हणजे आधीचा त्रास लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, ठाण मांडून असतात. म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तिथेच उठतं. लाली गेली की डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं मलम (बहुधा स्टेरॉइडचं) बंद करणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. वारंवार उठत असेल तर त्याच जागी आठवड्यातून २ दिवस मलम चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

स्टेरॉइडच्या भीतीने लोक मलमाचा नुसता ठिपका लावतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. चेहऱ्याचं आणि पापण्यांचं मलम वेगळं असतं, हातापायाचं तिथे लावू नका. मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने लावा. अंगभर कोरडेपणा असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ग्रॅमही लागतं. कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत आंघोळ उरका, अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच ते लावा.

खाज सुटली की मूठ घट्ट आवळून ३० सेकंद थांबा, मग ती जागा नखाने नुसती दाबा. परीक्षा किंवा नोकरीतल्या धावपळीच्या दिवसांत सगळ्यात आधी मलमच राहून जातं. त्या दिवसांत तर ते अजिबात चुकवू नका. चट्टा पाझरू लागला, पिवळट खपली धरली, ताप आला किंवा दुखरे बारीक फोड झपाट्याने पसरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.